मुंबईकडे जरा लक्ष ठेवा

सकाळचा भोंगा झाला की आमच्या मजल्यावरचे भाऊ गॅलरीच्या टोकाला जायचे. कठड्यावर दोन्ही हात टेकून आधी समोरच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघायचे, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आहे हो. जाग्यावर आहे."

आहे ती मुंबई. रात्रीतून ती कुणी नेली नाही, एवढं सांगून भाऊ दात घासायला घ्यायचे. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, म्हातारपण लवकर आलं असावं. मी गावाहून मावशीकडे राहायला आलो होतो आणि फोर्टातल्या एका कचेरीत चिकटलो होतो. मावशीला विचारलं तर तिने चहा गाळता गाळता सांगितलं, "ते मुंबई राखतात." जणू कुणी गुरं राखतं, कुणी मुंबई राखतं, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

भाऊंचं नाव मी सांगत नाही. चाळीत तरी ते कुणाला ठाऊक होतं? त्यांच्याहून वयाने मोठे होते तेही त्यांना भाऊच म्हणत. माणूस मालवणकडचा, लालबागच्या गिरणीत कापड विणायच्या साच्यावर, कायम दुसरी पाळी. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की साच्यांच्या खडखडाटातही समोरच्याला ऐकू जायचा. तोच आवाज घरी आल्यावर कमी करायचं त्यांना कधी सुचलं नाही. शेजारच्या खोलीत भाऊ पाव मागत तेव्हा खालचा इराणी खरोखर पाव काढून ठेवी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. आमच्या गल्लीतला एक तरणाताठा मुलगा दूध आणायला म्हणून गेला आणि गोळीबारात सापडला. त्याच्या दहाव्याला चाळीच्या चौकात सगळे जमले आणि जो तो काहीबाही शपथ घेऊ लागला. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत कुणी चहा सोडला, कुणी साखर सोडली, तळमजल्यावरच्या एकाने विडी सोडली. समोरच्या चाळीतल्या एकाने दाढी करायचं सोडलं. भाऊ उठले आणि म्हणाले, "मुंबई महाराष्ट्राची होईस्तोवर मी मुंबईच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. मी बाहेर गेलो आणि मागच्या मागे हिला कुणी नेली, तर?"

कुणी हसलं नाही. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतंच.

पण चहा आठवड्याच्या आत परत आला. साखर चहाबरोबर आली. विडी लपूनछपून संडासाच्या बाजूने येऊ लागली. टिकली ती भाऊंची शपथ. मग चाळीला तिचा अभिमान वाटू लागला. आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष पेशाने शिंपी होते आणि स्वभावाने सरसेनापती. नाक्यावर चाळीचा एक काळा फळा होता. त्यावर सभेची वेळ वगैरे लिहिल्यावर खाली अध्यक्ष रोज स्वतःच्या हाताने लिहायचे, "भाऊंची शपथ कायम आहे." समोरच्या चाळीतली दाढी रोज तो फळा वाचून खाजवत पुढे जायची.

भाऊंनी शपथ पाळली ती वकिली काटेकोरपणाने. पाहुण्यांना पोचवायला ते भांडुपपर्यंत जात आणि तिथे असे थांबत की जणू पुढे समुद्र आहे. मग म्युनिसिपालिटीने मुंबईची हद्द वाढवली आणि ती मुलुंडपर्यंत गेली. त्या रविवारी भाऊ धुवट सदरा घालून नवी हद्द बघायला गेले, वारशात जमीन मिळाल्यासारखे. त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठाण्याला निघालं तेव्हा तर कमाल झाली. भाऊ अक्षता घेऊन मुलुंडच्या जकात नाक्याशी उभे राहिले आणि मुहूर्ताची वेळ होताच त्यांनी "शुभ मंगल सावधान" अशी आरोळी ठोकून ठाण्याच्या दिशेने अक्षता टाकल्या. त्या एका ट्रकवाल्याच्या डोक्यावर पडल्या. तो सरदारजी खाली उतरून त्यांच्या पाया पडून गेला.

या सगळ्यात एक माणूस मात्र हसत नव्हतं. ते म्हणजे गावाला असलेल्या वहिनी, भाऊंची बायको.

आमच्याकडच्या बहुतेक घरांसारखंच त्यांचंही होतं. नवरा मुंबईत, बायको गावाला. भाऊ गणपतीला जायचे, वहिनी भातकापणी झाली की बोटीने यायच्या आणि शिमग्यापर्यंत राहायच्या. मूलबाळ नव्हतं. वर्षातले तेवढेच दिवस त्यांचा संसार. शपथेच्या वर्षी भाऊ गणपतीला गेले नाहीत. वहिनींनी एकटीने पाटावर गणपती बसवला, एकटीने बुडवला. मग भातकापणी झाली, बोट भाऊच्या धक्क्याला लागली, आणि बोटीतून वहिनींच्या ऐवजी त्यांचा निरोप उतरला. आणणारा गाववाला बिचारा गॅलरीत उभा राहून, मान खाली घालून, पाठ केल्यासारखा बोलला, "वयनीन सांगल्यान हा, मुंबय राखतत ती राखूंदेत. शपथ घेतानां माका इचारलानी नाय. आता ते मुंबयभायर येवन माका न्हेईपर्यंत मी मुंबयत पाय ठेवचंय नाय."

भाऊंनी एवढंच विचारलं, "बरी असा ना?"

म्हणजे बघा. हा बाहेर पडणार नाही आणि ती आत येणार नाही. मावशी म्हणायची, देवाने जोडा बघून दिलाय. दुसरं वर्षही तसंच गेलं. भाऊ अजून सकाळी "आहे हो" म्हणायचे, पण आता म्हणून झाल्यावर लगेच आत येत नसत. धक्क्याच्या बाजूला तोंड करून उगाच उभे राहत. एकदा मी पाहिलं, डबा उघडून ते दोन घास खाऊन पुन्हा झाकण लावत होते. मला म्हणाले, "खाणावळवाल्याचा हात बिघडलाय रे." खाणावळवाला तोच होता, हातही तोच होता.

तेवढ्यात चाळीची वार्षिक सहल ठरली. अध्यक्षांनी जाहीर केलं, यंदा तानसा तलाव. धरण आहे, धरणाच्या खाली नदीने कातळ कापून केलेली खोल घळ आहे, झाडी आहे. सगळे खूश. मग कुणीतरी विचारलं, "भाऊंचं काय?" गेल्या वर्षी भाऊ सहलीची सगळी तयारी करून लॉरीला हात हलवत मागे राहिले होते.

अध्यक्षांनी नाकावरचा चष्मा कपाळावर नेला. "चाळीच्या नळाला पाणी कुठलं येतं?"

"तानशाचं."

"तलाव बांधला कुणी? मुंबईच्या म्युनिसिपालिटीने. राखतो कोण? मुंबईची म्युनिसिपालिटी. जमीन कुणाची, भिंत कुणाची, चौकीदार कुणाचा? मग तो तलाव मुंबई नाही तर काय रत्नागिरी?"

गॅलरीत मग हायकोर्ट भरलं. तलाव मुंबई हे सर्वांनी मान्य केलं, पण मधल्या ठाणे, भिवंडीचं काय? त्यावर निकाल असा लागला की शपथ पाऊल टाकण्याची आहे. लॉरी टाकण्याची नाही. भाऊंनी वाटेत खाली उतरायचं नाही. भाऊ सगळं ऐकून म्हणाले, "अध्यक्ष, चौकीदाराला विचारून मगच मी उतरणार."

हे पुरुषांचं राजकारण. बायकांचं राजकारण नळावर चाललं होतं आणि त्याचा पत्ता आम्हांला नव्हता. वहिनींचा भाऊ आसनगावला रेल्वेत होता, तलावापासून जवळच. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला वहिनी तिथे येऊन राहिल्या आहेत, ही बातमी मावशीला लागली होती. मावशीने निरोप धाडला: आम्ही सगळे अमुक रविवारी तलावावर येतोय, भाऊही येतायत. जागा शहापूरकडची आहे, मुंबई लांब राहिली. तेव्हा बिनधास्त ये.

पुरुषांनी तलाव मुंबईत आणला होता, बायकांनी तो मुंबईबाहेर नेला होता. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो.

थंडीचे दिवस होते. लॉरी निघाली. मुलुंडचा नाका ओलांडताना भाऊंनी दोन्ही पाय उचलून बसायच्या फळीवर घेतले आणि मांडी घालून बसले ते बसलेच. ठाण्याला सगळे चहाला उतरले, भाऊंना चहा वर गेला. भिवंडीच्या पुढे सगळे पुरुष झाडांमागे जाऊन आले, भाऊ गेले नाहीत. पुढचा सगळा रस्ता ते डोळे मिटून भजन म्हणत होते आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचा सूर वर चढत होता.

धरणाशी लॉरी थांबल्याबरोबर अध्यक्षांनी चौकीदाराला गाठलं. "ही जागा कुणाची?"

"मुन्शिपाल्टीची."

"कुठल्या?"

"मुंबईच्या. अजून कुठल्या?"

"इथपासून कुठपर्यंत?"

चौकीदाराने घळीकडे बोट केलं. "ही घळ आहे ना, तिथपर्यंत. पलीकडे जंगलखातं."

"उतरा भाऊ!" अध्यक्ष गरजले. भाऊ उतरले आणि थेट झाडीत धावले. परत आले ते नव्या माणसासारखे. भिंतीवर चढून त्यांनी तलाव पाहिला. काय सांगू! डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पाणीच पाणी. आमच्या चाळीत पहाटे नळ गुरगुरायचा, बायका हंड्यांवरून भांडायच्या, आणि इथे हे एवढं पाणी नुसतं पडून होतं.  मग कठड्यावर दोन्ही हात टेकून भाऊंनी समोर बघितलं, डावीकडे, उजवीकडे. "आहे हो," ते म्हणाले. "जाग्यावर आहे."

"आहे हो... हे हो..." मागून उत्तर आलं. घळीचा प्रतिध्वनी होता तो. भाऊंचा आवाज तिला फार मानवला असावा. सगळे हसत घळीच्या काठाशी गेलो. दोन्ही बाजूंनी काळा कातळ तुटलेला, खाली खडकांमधून पाण्याची बारीक धार, आणि पलीकडच्या काठावर एका झाडाखाली, गाठोडं शेजारी ठेवून, वहिनी बसल्या होत्या. मागे त्यांच्या भावाची बैलगाडी.

भाऊंचा हसता चेहरा तसाच राहिला, त्यातलं हसू तेवढं निघून गेलं. दोन वर्षांनी ती दोघं एकमेकांना बघत होती आणि मध्ये ती घळ. पहिल्यांदा वहिनीच बोलल्या.

"जेवलात?"

"लात... लात..." घळ म्हणाली.

"नाय अजून," भाऊ ओरडले. "तू इलंस कशी?"

"कोल्हापुरावरसून! पुण्यावरसून!"

"बोट सोडून?"

"बोट मुंबयत लागता!"

मुंबईचा धक्का टाळायला ही बाई घाट चढून, अर्धा महाराष्ट्र फिरून आसनगावला आली होती. चाळीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुरुषांनी खाली बघितलं.

"हकडे ये गो," भाऊ म्हणाले. एवढा हळू त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला, तरी घळीने तो पलीकडे पोचवला.

वहिनी उठल्या. गाठोडं उचललं. मग थांबून त्यांनी विचारलं, "ती जागा कोणाची?"

आणि इथे आमच्या अध्यक्षांनी घात केला. सकाळपासून जो मुद्दा ते शाबीत करत होते, त्याची तार अजून उतरली नव्हती. दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी अभिमानाने कळवलं, "मुंबईची, वहिनी! चक्क मुंबई! चौकीदाराला विचारा!"

"मुंबई... बई... बई..."

वहिनी खाली बसल्या. "मगे मी हयसरच बरी."

मावशीने अध्यक्षांकडे ज्या नजरेने पाहिलं, तिने दूध नासलं असतं. अध्यक्षांनी लगेच सारवासारव सुरू केली, की काटेकोर बघता मुंबई नाही, म्युनिसिपालिटीची मालमत्ता आहे. त्यावर भाऊ घाबरून लॉरीकडे बघू लागले, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे मुंबईच." असं त्यांचं दोनतीनदा इकडून तिकडे झालं. शेवटी ते भाकरी खायला बसले.

जेवण मात्र झालं. वहिनींनी घावणे करून आणले होते. ते आणायला मला पाठवलं. घळ उतरून, धारेतल्या खडकांवरून, घसरत धडपडत मी पलीकडे गेलो. वहिनींनी डबा हातात दिला आणि विचारलं, "ते रोज सकाळी उठान काय बघतत रे?"

"मुंबई जाग्यावर आहे का, ते."

"आणि मी खंय आसंय, ता?"

मी डबा घेऊन परत आलो. भाऊंनी पहिला घास खाल्ला, डोळे मिटले. "काय म्हणाली?" मी जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं असं क्षणभर वाटलं, कारण दुसरा घास हातातच राहिला. मग त्यांनी डबा बंद केला, फडक्याची गाठ मारली आणि दुपारभर घळीच्या काठाशी बसून राहिले. पलीकडे वहिनीही तशाच. आम्ही लंगडी खेळलो, भेंड्या खेळलो, पण मन कुणाचं लागत नव्हतं. समजूत घालायला दोघातिघांनी जाऊन बघितलं. एकाने सुचवलं, दोघांनी खाली उतरून मधल्या खडकावर भेटावं. "तो खडक कोणाचा?" असा प्रश्न दोन्ही काठांवरून एकदमच आला.

ऊन उतरलं. पलीकडे बैल जुंपले गेले. वहिनी उभ्या राहिल्या, पदर खोचला, गाठोडं काखेत घेतलं आणि ओरडल्या, "येतंय मी!"

निघताना आपल्याकडे "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. घळीने ते "येतंय, येतंय" आमच्याकडे आणून टाकलं. पण वहिनी पाठ फिरवून गाडीकडे निघाल्या होत्या. त्या पाठीकडे बघून सगळ्यांना कळलं की ही बाई आता पुन्हा बोलावल्याने यायची नाही.

भाऊ उठले. ते घळीकडे गेले नाहीत. सरळ अध्यक्षांसमोर येऊन उभे राहिले. चेहरा रजेचा अर्ज घेऊन साहेबापुढे उभ्या राहिलेल्या माणसासारखा.

"अध्यक्ष, एक काम होतं."

"बोला भाऊ."

"जरा मुंबईकडे लक्ष ठेवता? मी आलोच."

अध्यक्षांच्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा फळा आला असणार, समोरच्या चाळीतली दाढी आली असणार.   मग चष्मा नाकावर घट्ट बसवून ते असे गरजले की झाडावरचे पक्षी उडाले.

"मंडळी! सगळ्यांनी तलावाकडे तोंड करा! लॉरीवाले, तुम्हीपण! मुंबईवर नजर ठेवायची आहे. मी सांगेपर्यंत कुणी मान वळवायची नाही. वळवली तर दिवाळीला मी त्याचा सदरा शिवणार नाही!"

आम्ही सगळे वळलो. सबंध चाळ, लहानथोर, ड्रायव्हर, क्लीनर, आणि काही न कळलेला चौकीदार, धरणाच्या भिंतीवर चढून एका रांगेत उभे राहून तलावाकडे बघू लागलो. आयुष्यात मी पुष्कळ प्रेक्षणीय स्थळं पाहिली, पण इतकं मन लावून एकही पाहिलं नाही. पाण्यावर उन्हाचा पट्टा होता. दोन बदकं होती. तिसरं आलं तेव्हा अध्यक्ष हळूच म्हणाले, "बदक आलं." कुणीतरी म्हणालं, "हो, आलं." बदकाचं एवढं कौतुक कधी झालं नसेल.

मागून आवाज येत होते. धोंडे घरंगळले. पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. "आई गे" असं भाऊ म्हणाले आणि घळीने ते सगळ्या डोंगरांना सांगितलं. मग ओरबाडत वर चढल्याचा आवाज. मग काहीच नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज थांबला.

"बारीक झालंस गो," भाऊ म्हणाले. "झालंस गो... लंस गो..."

वहिनी काय म्हणाल्या ते कळलं नाही. घळीलाही ऐकू जाऊ नये एवढ्या हळू त्या बोलल्या. मावशी पदराने डोळे टिपत म्हणाली, "ऊन काय थेट डोळ्यांत येतंय मेलं." ऊन तिच्या पाठीकडे होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे पावलं वाजली. बांगड्या वाजल्या. धापा टाकत भाऊंनी विचारलं, "आहे?"

"आहे भाऊ," अध्यक्ष तलावावरून नजर न काढता म्हणाले. "जाग्यावर आहे."

मग आम्ही वळलो. भाऊंचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, कोपर खरचटलेलं, आणि काखेत गाठोडं. शेजारी वहिनी, जणू बाजारातून नेहमीसारख्या परत आल्या. नवरा मुंबईबाहेर येऊन त्यांना घेऊन गेला होता. त्यांच्या अटीत काही उरलं नव्हतं. लॉरीत बायकांनी त्यांना मधोमध बसवलं. परतीच्या वाटेवर ठाण्याला भाऊंना पुन्हा चहा वर गेला आणि ते मांडी घालून बसून तो प्यायले. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या फळ्यावर खडू जरा जास्तच दाबून लिहिलेलं होतं, "भाऊंची शपथ कायम आहे."

ज्यांनी पाहिलं नाही ते सांगणार काय? पण भाऊंच्या मनाला ते लागून राहिलं होतं. खोटं त्यांच्या पचनी पडत नसे. चार माणसं जमली की ते घसा खाकरायचे, "मंडळी, त्या दिवशी तलावावर मी..." आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, "वा, तलाव काय सुंदर होता!" की सगळी चाळ तलावाच्या कौतुकाला लागायची. मुंबईतल्या कुठल्याही चाळीला तानसा तलावाचं इतकं प्रेम नसेल.

अखेर मुंबईसह महाराष्ट्र झाला. गल्लीत गुलाल, घरोघर गुढ्या, समोरच्या चाळीतली दाढी न्हाव्याच्या दुकानात वाजतगाजत गेली. आमच्या चौकात टेबल मांडून अध्यक्षांनी भाऊंचा सत्कार केला. स्वतः शिवलेला कोट अंगावर घातला, नारळ हातात दिला आणि शपथ अखंड पाळल्याबद्दल भाषण ठोकलं. टाळ्या झाल्या. भाऊ बोलायला उभे राहिले. 

"मंडळी," ते म्हणाले, "आज तरी मला खरं बोलू द्या. माझी शपथ... त्या दिवशी तलावावर मी..."

"तलाव फार सुंदर होता!" सगळी चाळ एका सुरात ओरडली.

भाऊ हताश होऊन उभे राहिले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, पहिल्या ओळीतून, वहिनींचा आवाज आला.

"घळ पण बरी होती हां."

त्या घटकेला घळीकडे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. भाऊंनी नारळ टेबलावर ठेवला आणि ते जे हसायला लागले, ते कोटाचं पहिलं बटण तुटेपर्यंत हसत राहिले.